१४, २४ आणि उरलेला अर्धा मिलिमीटर

दात सरळ करण्यासाठी डॉक्टरांनी तुम्हाला लिहून दिलेला उपचाराचा कागद वाचला. क्लास टू डिव्हिजन वन, ओव्हरजेट ७, डीप बाइट, वरच्या जबड्यात क्राउडिंग ३, एक्स्ट्रॅक्शन (म्हणजे दात काढणं) १४ आणि २४, मॅक्सिमम अँकरेज. खाली तुमचे तीन प्रश्न: याचा अर्थ काय, धडधाकट दात का काढायचे, आणि तारांऐवजी अलायनरने, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या साच्यांनी, भागणार नाही का. मी डॉक्टर नाही. पण ब्रेसेस दोनदा लावून झाल्यात, पंधराव्या वर्षी आणि मग तेहेतिसाव्या. दुसऱ्या खेपेला मी इतकं विचारून भंडावलं की डॉक्टर दर भेटीला माझा कागद मला मोठ्याने वाचून दाखवायला लागले. त्या जोरावर लिहिते आहे.

आधी १४ आणि २४. हा चौदावा आणि चोविसावा दात नाही. एक-चार आणि दोन-चार असं वाचायचं. पहिला आकडा तोंडाचा चतकोर सांगतो: वर उजवीकडे १, वर डावीकडे २, खाली डावीकडे ३, खाली उजवीकडे ४. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून मोजत जायचा. उजवं-डावं तुमचं, आरशातलं नाही. म्हणजे वरच्या दोन सुळ्यांच्या लगेच मागच्या उपदाढा काढायच्या आहेत.

‘क्लास टू’ ऐकून आजाराची दुसरी पायरी वाटते, तसं काही नाही. ही एडवर्ड अँगल यांनी १८९९मध्ये केलेली वर्गवारी आहे, आणि गंमत म्हणजे ती दाढांवरून ठरते. वरच्या पहिल्या दाढेचा गालाकडचा पुढचा उंचवटा खालच्या दाढेच्या खाचेत बरोबर बसला की क्लास वन. खालची दाढ मागे राहिली तर टू, पुढे सरकलेली असली तर थ्री. म्हणून समोरचे दात अगदी वेडेवाकडे असूनही एखाद्याचा क्लास वन निघतो. तुमच्या डिव्हिजन वनचा अर्थ, वरचे पटाशीचे दात बाहेर झुकलेले आहेत.

ओव्हरजेट आणि ओव्हरबाइट यांत सगळेच घोळ घालतात. ओव्हरजेट आडवा: वरचे दात खालच्यांच्या किती पुढे आहेत ते. ओव्हरबाइट उभा: वरच्यांनी खालच्यांना किती झाकलंय ते, आणि तो जास्त असला की डीप बाइट. दोन्ही साधारण २-३ मिलिमीटर असले की ठीक.

आता दात काढण्याचं. कागद-पेन्सिल घ्या. ओव्हरजेट ७चा २वर आणायचा, म्हणजे समोरचे दात ५ मिलिमीटर मागे न्यायचे. त्यासाठी उजवीकडे ५ आणि डावीकडे ५ मोकळी जागा लागणार. शिवाय क्राउडिंग ३, म्हणजे दाटीवाटीतले दात ओळीत बसवायलाच ३ कमी पडताहेत, दोन्हीकडे दीड-दीड. एका बाजूला साडेसहा झाले. वरची पहिली उपदाढ असते साधारण ७ मिलिमीटर रुंद. सातातून साडेसहा गेले, उरला अर्धा. नुसतं क्राउडिंगच असतं तर दातांच्या कडा किंचित घासून जागा काढता आली असती. साडेसहा तशी निघत नाही. (हिशेब ढोबळ आहे. डॉक्टर सेफॅलोग्राम, म्हणजे डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, बघून दातांचा कल, ओठ, जबड्यांचं एकमेकांशी नातं हेही धरतात.)

तो उरलेला अर्धा मिलिमीटर म्हणजेच कागदावरचा शेवटचा शब्द, मॅक्सिमम अँकरेज. समोरचे दात मागे ओढायचे तर ओढणार कशाच्या आधारावर? मागच्या दाढांच्या. हा आधार म्हणजेच अँकरेज. ही रस्सीखेच आहे: जितक्या जोराने दाढा पुढच्यांना मागे ओढतात, तितक्याच जोराने स्वतः पुढे ओढल्या जातात. तुमच्या बाबतीत दाढा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त घसरल्या, की तेवढी जागा गेली आणि तेवढे दात पुढेच राहिले. काढलेला दात परत येत नाही, तेव्हा ‘अँकरेज कशाने धरणार?’ हा प्रश्न पुढच्या भेटीत जरूर विचारा. टाळूवरून जाणारी, दोन्हीकडच्या दाढांना जखडणारी तार असू शकते, किंवा हाडात बसवलेले मिनीस्क्रू. मला स्क्रूच होते. नाव भयंकर, पण तेवढ्याच जागेला भूल देऊन बसवतात. मला खरा त्रास झाला तो त्यांच्याभोवतालची हिरडी स्वच्छ ठेवण्याचा.

दात हाडात चिकटलेला नसतो. मधे पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तंतूंचा थर असतो. हलका दाब सतत राहिला की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं, मागच्या बाजूला नवं भरतं, आणि दात सरकतो महिन्याला साधारण १ मिलिमीटर. म्हणून नुसती साडेसहाची जागा मिटवायलाच सहा-सात महिने. आधी ओळ लावणं, नंतरची बारीक कामं धरून दोन वर्षांची तयारी ठेवा. ‘जरा जोरात आवळा, लवकर संपेल’ असं मी एकदा म्हटलं होतं. जोर जास्त झाला तर तिथला रक्तपुरवठाच दबतो, दात आठवडेच्या आठवडे जागचा हलत नाही आणि मुळांना इजा होण्याचा धोका वाढतो. तार बदलल्यावर दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं, आठवडाभरात शमतं.

चार-पाच महिन्यांत पातळ गोल निकेल-टायटॅनियमच्या तारांनी दात ओळीत आलेले दिसतील आणि घरचे म्हणतील, झालं की! झालेलं नसतं. गोल तार दात कलवते; मूळ मागेच राहतं. पुढे चौकोनी स्टीलची तार ब्रॅकेटच्या (दातावर चिकटवलेल्या छोट्या चौकटीच्या) खाचेत घट्ट बसते, तेव्हा कुठे मुळासकट दात सरकवता येतो.

अलायनर मला आवडतात, तुमच्यासाठी मात्र नाही. दिवसाचे २०-२२ तास घातले तर एकेक साचा दात पाव मिलिमीटरच्या आसपास हलवतो. थोडी गर्दी, छोट्या फटी, यांना उत्तम. पण उपदाढ काढून पडलेली अख्खी फट मिटवताना दात त्या फटीत वाकून पडायला बघतो आणि मूळ सरळ आणणं प्लॅस्टिकला जड जातं. अगदी होत नाही असं नाही, अनुभवी हात करतात. मी तुमच्या जागी असते तर तार घेतली असती.

तारा लावण्यापूर्वी हिरड्या तपासून, दात साफ करून घ्या. सुजलेल्या हिरडीवर दात सरकवणं म्हणजे हाड गमावणं. ब्रॅकेटभोवती घासलं नाही तर काढल्यावर चौकटीसारखे पांढरे डाग उरतात. माझ्या वरच्या डाव्या सुळ्यावर एक अजून आहे.

आणि दोनदा का? तर पहिल्या वेळी तारा निघाल्यावर मी रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा साचा, जेमतेम आठ महिने घातला. मग डबी खणात गेली. दात फिरवला की हिरडीतले तंतू रबरासारखे पिळलेले राहतात आणि सैल व्हायला वर्षभर घेतात. तोवर धरून ठेवणारं काही नसेल तर त्याला परत फिरवतात. माझा सुळ्याशेजारचा दात विशीतच एका कोपऱ्याने पुढे आला. आधी फक्त जिभेला कळायचं, मग फोटोत दिसायला लागलं. आता खालच्या दातांच्या मागे कायमची बारीक तार आहे आणि वर रोज रात्री पारदर्शक साचा. तुमच्या कागदावर रिटेनरचं एक अक्षर नाही. १४ आणि २४ काढायच्या आधीच विचारून घ्या: कुठला देणार, किती वर्षं घालायचा, आणि तुटला तर नवा किती दिवसांत मिळेल.