नवी कर्जावर की जुनी रोखीने? मोटरहोम घेण्याआधीचा हिशेब

प्रश्न: आम्ही दोघं येत्या काही महिन्यांत निवृत्त होतोय. मुलं आपापल्या मार्गाला लागली आहेत. वर्षातले सहा-सात महिने मोटरहोममधून, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीतून, फिरायचं, उरलेला काळ एका जागी राहायचं, असं ठरतंय. हवी आहे ती मोठी, ४० फुटी, मागे डिझेल इंजिन असलेली. समोर दोन गाड्या आहेत. एक कोरी: २० टक्के आत्ता भरायचे, बाकीचं कर्ज ८ टक्क्यांनी २० वर्षांसाठी. दुसरी आठ वर्षं जुनी, नव्या गाडीच्या ४५ टक्के किमतीत, रोखीने. ह्यांचं म्हणणं, नवीच घेऊ, राहतं घर विकून पैसे ठेवीत टाकू आणि व्याजातून हप्ता भागवू. मला जुनी परवडेल असं वाटतं, पण तिच्या दुरुस्त्यांची धास्तीही वाटते. आजवर आम्ही साध्या कारपलीकडे काही चालवलेलं नाही.

उत्तर: तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे. आठ वर्षांची गाडी ४५ टक्क्यांत मिळते याचा अर्थ ज्याने ती कोरी घेतली, त्याचे आठ वर्षांत ५५ टक्के गेले. कोरी घेतलीत तर त्याच्या जागी तुम्ही असाल.

माझं मत असं: जुनी घ्या, रोखीने घ्या, घर विकू नका. आणि यातलं काहीही करण्याआधी एवढ्याच लांबीची गाडी भाड्याने घेऊन थोडे दिवस राहून बघा. आता कारणं.

कोऱ्या गाडीची किंमत १०० धरू. तुम्ही २० भरले, ८० चं कर्ज. ८ टक्के, २० वर्षं म्हणजे महिन्याचा हप्ता ०.६७, वर्षाला साधारण ८. आकडा छोटा दिसतो आणि तसा तो दिसावा म्हणूनच मुदत २० वर्षांची असते. पाच वर्षांत तुम्ही ४० भरलेत, त्यातले ३० व्याजात गेले. मुद्दल ८० वरून जेमतेम ७० वर आलं. आणि गाडी? पाच वर्षांनी तिला ६०-६५ चा भाव आला तर चांगला म्हणायचा. म्हणजे खिशातून ६० गेलेले असताना गाडी विकायची वेळ आली तर बँकेची बाकी फेडायला वर आणखी ५ ते १० घालावे लागतील. एवढी मोठी गाडी पाच वर्षांत विकायची वेळ का येईल, असं वाटत असेल तर स्वतःचं वय, गुडघे, नातवंडं यांचा विचार करून सांगा.

ठेवीच्या व्याजातून हप्ता भागवायचा ही कल्पना कागदावर गोंडस आहे. कर्जाला ८ टक्के द्यायचे आणि निवृत्तीनंतर जिथे धोका पत्करता येत नाही अशा ठेवीत त्याहून कमी मिळवायचे, वर त्या व्याजावर कर भरायचा. फरकाची झीज दर महिन्याला होत राहते. शेअर बाजारातून ८ टक्क्यांहून जास्त मिळतील, असं यजमान म्हणतील. मिळतीलही, पण ज्या वर्षी बाजार पडेल त्या वर्षीही हप्ता तेवढाच असतो. कर्ज काढायचंच असेल तर दहा वर्षांचं काढा. हप्ता ०.९७ होईल, पण पाच वर्षांनी बाकी ४८ असेल आणि गाडी विकून मोकळं होता येईल. हा हप्ता झेपत नसेल तर ती गाडी तुमच्या ऐपतीची नाही, एवढंच.

यजमानांच्या बाजूनेही एक गोष्ट मांडायला हवी. जुनी गाडी म्हणजे खर्च, ही तुम्हालाही वाटणारी धास्ती खरी आहे. फक्त कोरी म्हणजे बिनघोर, हा समज कारवरून आलेला आहे. मोटरहोममध्ये चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आणि इंजिन एका कंपनीचं, वरचं घर दुसरीचं, जनरेटर, फ्रिज, एसी, गिझर आणखी वेगवेगळ्यांचे. वॉरंट्याही तितक्याच. पहिल्या वर्षी कुठे नळाचा सांधा गळतो, कुठे स्लाइड-आउट, म्हणजे गाडी उभी केल्यावर बाहेर सरकणारी भिंत, अर्ध्यात अडकते, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. वॉरंटीत काम फुकट होतं हे खरं, पण गाडी आठवडेच्या आठवडे वर्कशॉपमध्ये उभी राहते. तुमचं घर तेव्हा वर्कशॉपमध्ये असतं, आणि तुम्ही हॉटेलात.

आता जुनीकडे. गाडीसाठी म्हणून जी रक्कम बाजूला काढाल ती सगळी गाडीच्या किमतीत घालू नका. तिच्या किमतीच्या २० टक्के तरी पहिल्या वर्षासाठी वेगळे ठेवा. तुमच्या हिशेबात ४५ ची गाडी म्हणजे ५४ ची खरेदी. विक्रेत्याशी घासाघीस करताना हाच आकडा डोक्यात हवा. हे ९ कुठे जातील, ते बऱ्यापैकी आधीच सांगता येतं.

पहिली गोष्ट टायर. प्रत्येक टायरच्या बाजूला चार आकडी तारीख कोरलेली असते: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. या गाड्यांचे टायर झिजून बाद होत नाहीत, वयाने होतात. उभ्या उभ्या उन्हात रबर कडक होतं, बाजूला बारीक चिरा पडतात आणि नक्षी अगदी नव्यासारखी दिसत असते. सहा-सात वर्षांनंतर त्यांच्यावर भरवसा ठेवू नये. दोन ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या दोन आसांच्या, गाडीला सहा टायर, तिसरा ॲक्सल असेल तर आठ. तुमची गाडी आठ वर्षांची. टायर मूळचेच असतील तर संच बदलायचाच आहे आणि ती रक्कम किमतीतून कमी करून मागायची. बदलल्यानंतर पुढच्या संचासाठी त्याच्या किमतीचा ७२ वा भाग दर महिन्याला बाजूला टाकत जा. सहा वर्षांनी हा खर्च अंगावर येणार नाही.

दुसरी, आणि सगळ्यात महागात पडणारी गोष्ट पाणी. इंजिनापेक्षा छत गाड्या जास्त मारतं. छतावर एसी, हवेच्या खिडक्या, अँटेना, सोलर पॅनेल यांच्यासाठी भोकं पाडलेली असतात आणि प्रत्येकाभोवती फट बुजवणारा सीलंट असतो. तो उन्हाने तडकतो. पाणी आत शिरतं ते थेंब पडून दिसत नाही. भिंतीच्या आतलं लाकूड वर्षभर मुरत राहतं, मग बाहेरचं फायबरग्लास सुटून भिंतीला फुगा येतो. तो फुगा दिसला तर गाडी सोडून द्या, किंमत कितीही पाडली तरी. बघायला जाल तेव्हा बिछान्यावरच्या कपाटांचे आतले कोपरे अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागलं किंवा दार उघडताच कुबट वास आला, की समजायचं. आणि लक्षात ठेवा, असं हळूहळू झालेलं नुकसान बहुतेक विमे देखभालीची हयगय म्हणून नाकारतात. म्हणजे तो खर्च पूर्ण तुमचा. दर तीन-चार महिन्यांनी शिडी लावून सीलंट बघणं याला मी सर्वांत जास्त परतावा देणारी गुंतवणूक म्हणेन.

बाकीचं थोडक्यात. गाडीतल्या राहत्या भागाला वीज देणाऱ्या बॅटऱ्या साध्या शिसे-आम्लाच्या असतील तर तीन ते पाच वर्षं टिकतात, आणि त्यांची निम्मीच क्षमता वापरावी. लिथियमच्या घातल्या तर आत्ता महाग, पुढे स्वस्त. पण पहिल्या वर्षी नको, आधी तुमचा वापर कळू दे. जनरेटरला तासांचा मीटर असतो. आठ वर्षांत फार कमी तास दिसले तर खूश होऊ नका, तो नुसता उभा राहिलाय असा त्याचा अर्थ. त्याला महिन्यातून एकदा एसी लावून, भार देऊन चालवावं लागतं. इंजिन ऑइल, गिअरबॉक्सचं ऑइल आणि कूलंटचे नमुने प्रयोगशाळेत तपासून मिळतात. या तपासण्या आणि स्वतंत्र तपासनिसाची फी मिळून गाडीच्या किमतीपुढे किरकोळ आहे. तिथे हात आखडता घेऊ नका. तपासनीस मात्र विक्रेत्याने सुचवलेला नसावा.

वजनाचा मुद्दा लोक पैशाचा मानत नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चालकाच्या जागेजवळ किंवा आत कुठेतरी एक पट्टी चिकटवलेली असते, त्यावर गाडीचं जास्तीत जास्त मान्य वजन असतं. समजा ते १४,५०० किलो आहे आणि इंधनासकट गाडी १३,३०० भरते. उरले १,२००. पिण्या-वापरायच्या पाण्याची टाकी ३८० लिटरची असेल तर ३८० किलो तिथे गेले. तुम्ही दोघं मिळून १५० धरा. राहिले ६७०, आणि त्यात भांडी, कपडे, पुस्तकं, हत्यारं, खुर्च्या, सायकली, पाइप, सगळं. आधीच्या मालकाने फरशी बदलली असेल किंवा मोठा फ्रिज बसवला असेल तर त्याहून कमी. भरल्या गाडीने एकदा वजनकाट्यावर जा आणि शक्य असेल तर प्रत्येक ॲक्सलचं वजन वेगळं करून घ्या. जास्त भार म्हणजे टायर फुटणं, ब्रेक कमी पडणं आणि अपघातानंतर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण.

परवानाही बऱ्याच देशांत वजनावरच ठरतो. युरोपात साध्या कारच्या परवान्यावर सर्वसाधारणपणे ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते, आणि तुमची गाडी त्याच्या कितीतरी पट आहे. तेव्हा पैसे देण्याआधी तुमच्याकडचा नियम तपासा. आणि दोघंही चालवायला शिका. हा माझ्या दृष्टीने आर्थिक सल्लाच आहे. एकटे यजमान चालवणार आणि घरापासून लांब त्यांचं दुखणं निघालं, तर गाडी परत आणण्यासाठी चालक शोधणं किंवा ओढून नेणं, दोन्ही फार खर्चाचं. शिवाय वळण घेताना गाडीची शेपटी उलट्या बाजूला बाहेर झेपावते. पहिल्या वर्षातले बरेचसे ओरखडे आणि मोडलेले आरसे तिथलेच असतात. एअर ब्रेकची, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या ब्रेकची, ओळखही नव्याने करून घ्यावी लागेल. दोघांचं रीतसर प्रशिक्षण पहिल्या वर्षाच्या खर्चात धरा.

विम्यात दोन गोष्टी विचारा. गाडी पूर्ण निकामी झाली तर आधी ठरलेली रक्कम मिळणार की त्या दिवशीचा बाजारभाव? आठ वर्षांच्या गाडीत या दोन आकड्यांत मोठी तफावत असते. आणि वर्षातले सहा-सात महिने आत राहणार हे त्यांना लेखी कळवा. सुट्टीपुरत्या वापराचा विमा घेऊन त्यात मुक्काम ठोकला तर दावा अडकू शकतो.

एक खोच जुन्या गाडीत आहे, ती तुम्हाला कुणी सांगितली नसेल. मोटरहोम उभी करून राहायच्या काही खासगी तळांवर दहा वर्षांहून जुन्या गाड्यांना जागा देत नाहीत, किंवा आधी फोटो मागतात. तुमची गाडी दोन वर्षांत त्या रेषेवर येते. उत्तम ठेवलेल्या गाडीला सहसा अडवत नाहीत. तरी ज्या तळांवर जायचं मनात आहे त्यांना आत्ताच विचारा. तेव्हाच ४० फुटांची जागा आहे का हेही विचारा. जुन्या सरकारी तळांवर आणि डोंगराळ भागात बऱ्याच ठिकाणी नसते. ३४-३५ फुटी गाडी घेतली तर तळांची निवड वाढते आणि टायरपासून पार्किंगपर्यंत सगळं थोडं स्वस्त होतं. राहण्यात जो फरक पडेल तो तुम्हाला भाड्याच्या गाडीत कळेल.

इंधन लिटरला तीन-चार किलोमीटर धरा. या खर्चाने लोक दचकतात, पण तो तुमच्या हातात आहे: एका जागी जास्त दिवस राहिलात की कमी होतो. विमा, वापरात नसतानाचं पार्किंग आणि देखभाल मात्र गाडी हलो न हलो, चालूच राहतात. त्यासाठी दर वर्षी खरेदीच्या किमतीच्या दहा टक्क्यांची तरतूद करा. वर्षाला दोन महिन्यांहून कमी राहणं होणार असेल तर भाड्याची गाडीच बहुधा स्वस्त पडेल. म्हणून भाड्याने घ्याल ती मोठी घ्या, आणि एकदा तरी पावसात, एकदा वीज-पाण्याची जोडणी नसलेल्या जागी राहा. सांडपाण्याची टाकी स्वतः रिकामी करा, दोघांनी आळीपाळीने. त्यानंतरही उत्साह टिकला तर तो खरा.

घराचं शेवटी ठेवलं, कारण त्यात माझ्या मनात शंका नाही. पहिली दोन वर्षं ते विकू नका. भाड्याने द्या, एखादी खोली तुमच्या सामानासाठी कुलपात ठेवा. फिरत नसाल त्या महिन्यांत राहायचं कुठे हे पत्रात नाही. भाडेकरार त्या बेताने करा, किंवा घर रिकामं ठेवून भाड्यावर पाणी सोडा, तेही चालेल. गाडीची किंमत दर वर्षी उतरते आणि घरांच्या किमती बहुतेक काळ चढतात, त्यामुळे विकलेलं घर परत घ्यायला गेलात तर दोन्हीकडून मार बसतो. शिवाय कर, बँक, आरोग्यविमा, मतदान, सगळ्याला कायमचा पत्ता लागतो. जुनी गाडी घ्यायला घर विकावं लागतंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. लागत असेल तर ४५ ची गाडीही तुम्हाला मोठी आहे. ३० ची शोधा.

विक्रेता टोकन मागेलच. द्या, पण तपासणीच्या अहवालात छताची ओल, टायरचं वय किंवा ऑइलमध्ये धातूचा अंश निघाला तर पूर्ण टोकन परत, असं पावतीवर लिहून घ्या. तो नाही म्हणाला तर दुसरी गाडी बघा. आठ वर्षं जुन्या मोटरहोमला गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो, हे त्यालाही ठाऊक आहे.