कप फायनलसाठी एफडी मोडू का? शिरोलीच्या भावाला उत्तर

भावा, तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांना पण मेळ लागंल. वय २९, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत व्हीएमसी मशीनचा ऑपरेटर, हातात ३४,००० येतात, घरात आई-वडील, बायको आणि ३ वर्षांची पोरगी. घरखर्च २२,०००, गाडीचा हप्ता-पेट्रोल धरून ५,०००, राहिलेले ७,००० बाजूला टाकतोस. पतसंस्थेत २,४०,००० ची एफडी आहे, ७ महिन्यांनी सुटणार. आणि आता एका एजंटानं पुढच्या मे महिन्यातल्या एफए कप (इंग्लंडचा फुटबॉल चषक) फायनलचं पॅकेज पुढ्यात ठेवलंय, विमान, ५ रात्री हॉटेल आणि लंडनच्या वेम्बली स्टेडियमचं तिकीट मिळून ३,६०,०००, त्यातले १,५०,००० शनिवारपर्यंत भरायचे आणि ते परत मिळणार नाहीत. तू एफडी मोडून वर दीड लाखाचं पर्सनल लोन काढायच्या तयारीत आहेस.

माझं उत्तर नको असंच आहे. पण नुसतं नको म्हणून सोडणार नाही, कारण तू मेसेजच्या शेवटी आपल्या तालमीच्या मॅचबद्दल जे लिहिलंयस ते मला लई लागलं. "सेमीफायनल रविवारची गुरुवारवर गेली, पहिली पाळी साडेतीनला सुटते, मॅच चारला, हाफ डे टाकला तर पगार कापला आणि शाहू स्टेडियमला पोचलो तर कळलं बंदोबस्त नाही म्हणून मॅच परत पुढं गेली, आता एकदा तरी शिस्तीत होणारी मॅच बघायचीय." हे वाचून वाटलं की तुझा खरा प्रश्न लंडनचा नाहीच, तू वैतागलायस, आणि हा वैताग खरा आहे, त्यात तुझं काय चुकलं नाही. मी पण त्याच पायऱ्यांवर बसून मोठा झालोय. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, बालगोपाल, आपल्याकडं तालमीची टीम म्हणजे घरातलं माणूस, आणि एवढ्या सगळ्या टीम, एवढे चषक आणि मोठं मैदान एकच, त्यात परीक्षा, बंदोबस्त, मैदानाला विश्रांती, आणि पावसाच्या आत सगळं उरकायचं. तारखा हलणारच. पण हलल्या की आदल्या रात्री तरी सांगावं, एमआयडीसीतल्या पोरांना रजा अशी खिशातनं काढता येत नाही, एवढी साधी अपेक्षा आहे आणि ती रास्त आहे.

फक्त एक गोष्ट तू गृहीत धरलीयस की बाहेर हे असं होत नाही. होतं गड्या, तिकडं पण होतं, आणि तुझे चार लाख जायच्या आधी हे सांगणं माझं काम आहे.

तुझाच अनुभव घे. ऑगस्ट २०२४ ला तुम्ही चौघं पुण्यावरनं हावड्याची गाडी पकडून ड्युरँड कपची मोहन बागान-ईस्ट बंगाल बघायला गेलात. १८ तारखेची मॅच, आर. जी. कर हॉस्पिटलातल्या डॉक्टर तरुणीच्या खुनावरनं आंदोलनं पेटलेली, पोलीस अपुरे म्हणून मॅचच रद्द, आणि ह्या दोन टीमच्या पुढच्या क्वार्टर फायनल पण कोलकात्याबाहेर जमशेदपूर-शिलाँगला हलवल्या. गाडी, हॉटेल, खाणंपिणं मिळून तुझे ९,००० गेले असं लिहिलंयस. त्याच्या आधी २०१७ ला अंडर-१७ वर्ल्ड कपची ब्राझील-इंग्लंड सेमीफायनल गुवाहाटीत होती, पावसानं मैदान गेलं आणि दोन दिवस आधी ती कोलकात्याला नेली. त्याच वर्ल्ड कपला आपला अनिकेत जाधव भारताकडनं खेळत होता, नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमला मॅचेस होत्या, इथनं रात्रीच्या बसनं सकाळी दारात, पण भारताच्या तिन्ही मॅचेस दिल्लीला. आमच्या ग्रुपमधले दोघंच जाऊ शकले, बाकी आम्ही पेठेत पडदा लावून बघितली. आपलं पोरगं वर्ल्ड कप खेळतंय आणि आपण मैदानात नाही, हे अजून सलतं मला.

बरं हे झालं भारतातलं. २०१८ ला दक्षिण अमेरिकेतल्या कोपा लिबेर्तादोरेसची फायनल, रिव्हर प्लेट आणि बोका ज्युनियर्स, दोन्ही टीम ब्युनोस आयर्स ह्या एकाच शहरातल्या. दुसऱ्या लेगच्या, म्हणजे फायनलच्या दुसऱ्या मॅचच्या दिवशी बोकाच्या बसवर हल्ला झाला, मॅच दुसऱ्या दिवसावर गेली, मग ती पण रद्द, आणि शेवटी ९ डिसेंबरला खेळवली कुठं तर स्पेनमध्ये, माद्रिदला. घरापासनं दहा हजार किलोमीटर. ज्यानं वर्षभर पैसे साठवून घरच्या मैदानाचं तिकीट काढलं असेल त्या माणसाचा विचार कर.

आणि तू ज्या कपसाठी एफडी मोडणार तो एफए कपच घे. एप्रिल २०२२, मँचेस्टर सिटी-लिव्हरपूल सेमीफायनल. दोन्ही टीम इंग्लंडच्या उत्तरेकडच्या, मॅच मात्र लंडनला वेम्बलीवरच, कारण २००८ पासनं सेमीफायनल पण तिथंच खेळवतात. आणि नेमकं त्या ईस्टरच्या सुट्टीत रेल्वेचं काम काढलेलं, दोन्ही शहरांतनं लंडनला थेट गाडीच नाही. दोन्हीकडचे लोक ओरडले, मॅच दुसरीकडं घ्या म्हणाले, पण मैदान बदललं नाही, ५,००० लोकांसाठी १०० फुकट बस दिल्या आणि विषय संपला. म्हणजे मँचेस्टरचा माणूस त्याच्याच देशात सव्वातीनशे किलोमीटर जायला तुझ्यासारखाच तडफडत होता. किकऑफ पण टीव्हीच्या सोयीनं हलतं, २०२४ ची फायनल आपल्याकडं संध्याकाळी साडेसातला लागली होती, २०२५ ची रात्री ९ ला.

आता तुझं म्हणणं असंल की फायनलचं मैदान तर पक्कं आहे. आहे, मान्य. वेम्बली हलणार नाही. पण तू मैदान बघायला चाललायस का मँचेस्टर युनायटेड बघायला? मेसेजमध्ये तूच लिहिलंयस, "युनायटेड फायनलला असणारच". २०२३ ला होते, सिटीकडनं हरले. २०२४ ला होते, सिटीलाच हरवून जिंकले. आणि २०२५ ला पाचव्याच फेरीत फुलहॅमनं पेनल्टीवर घरी पाठवले. दोन वर्षं बघून तिसऱ्या वर्षी आगाऊ पैसे भरले असते तर काय झालं असतं बघ. नॉकआउट, म्हणजे हरला की बाहेर, हा एका संध्याकाळचा कारभार, ९० मिनिटांत तुझे दीड लाख दुसऱ्याच दोन टीमच्या मॅचचे होतात.

तू पाठवलेली पीडीएफ मी पूर्ण वाचली. पहिल्या तीन पानांवर ट्रॉफी, हॉटेलचे पलंग आणि लंडन ब्रिज. चौथ्या पानावर तळाला, बोटानं मोठं केल्याशिवाय दिसत नाही असल्या अक्षरात दोन ओळी आहेत, त्यांचा साधा अर्थ असा की मॅचची तारीख, वेळ, ठिकाण किंवा टीम बदलली तर पैसे परत नाहीत, आणि व्हिसा नाकारला तरी परत नाहीत. तिकीट कुठल्या ब्लॉकमधलं, कुणाच्या नावावर, ते कुणाकडनं येणार, ह्याचा अख्ख्या कागदात शब्द नाही. हे मला सगळ्यात जास्त खटकलं. वेम्बलीत ९०,००० लोक बसतात पण फायनलची तिकिटं मुख्यतः दोन क्लबच्या सीझन तिकीटवाल्यांना आणि मेंबरना जातात, आणि इंग्लंडात १९९४ च्या कायद्यानं परवानगी नसताना फुटबॉलचं तिकीट विकणं हा गुन्हा आहे. म्हणजे तिकीट अधिकृत वाटेनं आलेलं नसेल तर गेटवर तुला अडवतील, आणि तिथनं तू कोल्हापूरला फोन करून काय करणार?

व्हिसाचं पण ऐक. मॅचचं तिकीट हातात आहे म्हणून व्हिसा मिळत नाही, फी भरली आणि नाही म्हणाले तर फी गेली. खात्यात नेहमी दहा-पंधरा हजार आणि अर्जाच्या आधी अचानक दीड लाख लोनचे, असलं स्टेटमेंट बघितलं की ते हमखास विचारात पडतात.

आता तुझ्या घराचा हिशोब. पर्सनल लोन १४ टक्क्यांनी धर, ३ वर्षं. हप्ता साधारण ५,१३० आणि नुसतं व्याज ३४,५०० च्या घरात. तुझ्या ७,००० शिलकीतले १,८७० उरले, आणि एफडी शून्य. वडिलांना शुगर आहे असं तू एका ओळीत लिहून पुढं गेलास, मी तिथंच थांबलो. पगार २१,००० च्या वर असल्यामुळं तुला ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) लागू नाही, कंपनीची पॉलिसी तुझ्यापुरतीच आहे, आई-वडिलांची काहीच नाही. उद्या रात्री दोनला वडिलांना अॅडमिट करायची वेळ आली तर तुझ्याकडं काय आहे? मे महिन्यातल्या मॅचचं एक कागदावरचं वचन. माझ्याकडं असली घरं येतात रे, मंगळसूत्र गुजरीत सराफाकडं ठेवून डिपॉझिट भरलेली. मला तुझं घर त्यात बघायचं नाही.

म्हणून मी सांगतो तसं कर. घरखर्च २२,०००, त्याचे ६ महिने म्हणजे १,३२,०००, ह्याला हात लावायचा नाही, हे तुझे नाहीत असंच समज. पतसंस्थेतली ठेव आता मोडू नको, व्याज कापतील, ७ महिने थांब, पण सुटली की परत तिथंच ठेवू नको. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. संस्था चांगली असेल, ओळखीची असेल, तरी घराचा राखीव पैसा बँकेतच बरा. राहिले १,०८,००० आणि व्याज. त्यातनं पहिला आई-वडिलांचा आरोग्य विमा, शुगर लपवायची नाही, फॉर्ममध्ये लिहायची, थोडा जास्त हप्ता आणि काही काळ वेटिंग (तोवर शुगरचा क्लेम मिळत नाही) लागंल पण क्लेमच्या वेळी दावा अडणार नाही. सप्टेंबर २०२५ पासनं वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी पण गेलाय.

आणि फुटबॉल? फुटबॉल सोड असं मी म्हणणार नाही, ते सांगणारा कोल्हापूरचा नसतो. ७,००० ची आरडी लाव, नाव दे काय द्यायचं ते. साडेसहा टक्के धरले तर २४ महिन्यांत १,७९,००० च्या आसपास होतात. दोन दिवाळीचे बोनस तू २०-२० हजार लिहिलेस, ते धरून २,१९,०००. वरनं एफडीतले विमा भरून राहिलेले ४०-५० हजार घातले की पावणेतीन लाखाच्या जवळ जातोस, एक रुपया कर्ज न काढता. तेवढ्यात कप फायनल नको, ओल्ड ट्रॅफर्डची, म्हणजे युनायटेडच्या घरच्या मैदानावरची, लीगची मॅच धर. युनायटेड तिथं खेळणारच, बाहेर पडायचा प्रश्नच नाही, आणि क्लबची मेंबरशिप घेऊन क्लबकडनंच तिकिटासाठी प्रयत्न करता येतो.

लीगच्या मॅच पण टीव्हीसाठी शनिवारच्या रविवार-सोमवार होतात, हे लक्षात ठेवून बुकिंग कर. शुक्रवारी पोच, मंगळवारी निघ, मध्ये कुठंही ढकलली तरी तू तिथंच आहेस. तारीख बदलता येणारं विमान तिकीट घे, चार-पाच हजार जास्त गेले तरी जाऊदेत. हॉटेल आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येईल असं. तारीख हलवायची सत्ता दुसऱ्याच्या हातात आहे आणि नुकसान सोसायचं तुला, तर न परतणारा पैसा जितका कमी आणि जितका उशिरा तितकं बरं. क्रेडिट कार्ड तिकडं जपून घास, परकी चलनावर बरेच जण तीन-साडेतीन टक्के लावतात. आणि पॅकेज घेतलंच तर त्यावर टीसीएस (आगाऊ घेतलेला इन्कम टॅक्स) कापतात, तो रिटर्न भरून परत मागायचा असतो.

दोन वर्षं थांबवत नसेल तर गोव्याला फातोर्डा स्टेडियम आहे, सकाळी निघून दुपारी पोचतोस, पण तिथं पण आधी मॅचचं वेळापत्रक पक्कं होऊदे, मग गाडी ठरवा.

तालमीच्या मॅचचं म्हणशील तर हाफ डे सरसकट टाकू नको, पगार कापून घेऊन रिकाम्या गेटवर उभं राहणं बंद कर. शिफ्ट बदलून घ्यायला एक जोडीदार धरून ठेव, त्याला क्रिकेटच्या वेळी तू भरून दे. आणि तालमीतल्या चार जाणत्या माणसांनी आयोजकांना भेटून एवढंच लिहून द्यावं की बदल झाला तर आदल्या दिवशी संध्याकाळी ६ च्या आत कळवा. मी सही करायला येतो, सांग फक्त कुठं यायचं.

शनिवारी एजंटचा फोन येईल. नाही म्हणायला अवघड वाटत असेल तर त्याला तीनच गोष्टी लेखी माग: तिकीट कुठल्या अधिकृत विक्रेत्याकडनं येणार, व्हिसा नाकारला तर किती परत, आणि युनायटेड नसेल तर किती परत. तोंडी ऐकू नको, "लेखी पाठवा, मग बघू" एवढंच. आणि त्याच्या आधी वडिलांचं वय, शुगर किती वर्षांपासनं आणि कुठली गोळी चालू आहे ते मला पाठव, विम्याचं आधी बघूया.