पहिलं सिझर झालं असेल तर दुसरी डिलिव्हरी नॉर्मल होऊ शकते का?

होऊ शकते, माझी झाली. पण तुमची होईल का, ते कळायला आधी पहिल्या ऑपरेशनचा कागद शोधा.

तुम्ही लिहिलंय की पाचवा महिना चालू आहे आणि टाके उसवतील अशी भीती वाटते. मलाही हीच भीती होती. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, “आत पिशवीवर चीर कशी घेतली होती?” मी म्हटलं, आडवी, दिसतेच आहे. त्या म्हणाल्या, कातडीवर आडवी असली तरी आत उभी असू शकते, कागदावरच कळेल. पिशवीच्या खालच्या भागात एकच आडवी चीर असेल, तर कळांमध्ये ती उसवण्याचा धोका साधारण 200 त 1 असतो. वरपर्यंत गेलेल्या उभ्या चिरेत तो कितीतरी जास्त, म्हणून तिथे सहसा नॉर्मलचा प्रयत्न करत नाहीत. ‘एकदा सिझर की कायम सिझर’ हे एडविन क्रेगिन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1916 मध्ये लिहिलं, तेव्हा चीर उभीच घेत असत. आपल्याला आजही तेच ऐकवतात.

पहिलं सिझर का झालं, हेही बघा. माझं मूल पायाळू होतं. दुसरं डोक्याकडून होतं, म्हणजे ते कारणच उरलं नव्हतं. शिवाय मध्ये तीन वर्षं गेली होती. दोन डिलिव्हरींत दीड वर्षाहून कमी अंतर असेल तर धोका वाढतो.

कळा आपणहून सुरू झाल्या. बाळाचे ठोके बघायला पोटाला पट्टा शेवटपर्यंत होता, कारण टाका उसवायला लागला तर बहुतेकदा ठोकेच आधी बिघडतात. दर कळ ओसरली की सिस्टर ओटीपोटाच्या हाडावर दोन बोटं टेकवून विचारायच्या, “आता इथे दुखतंय?” मी “नाही” म्हटलं की त्या मान हलवून वहीत लिहायच्या. नऊ तास मी त्या दोन बोटांच्या आधारावर काढले.

दुसऱ्या दिवशी मी आपली आपण उठून बसले. पहिल्या वेळी खोकला आला तरी पोटाशी उशी घट्ट धरावी लागायची. मात्र खालचे टाके दोन आठवडे चांगलेच झोंबले, ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

माझ्या जावेनेही प्रयत्न केला. पिशवीचं तोंड सहा सेंटिमीटरवर अडलं, चौदा तासांनी सिझर झालं. प्रयत्न करणाऱ्या 100 जणींपैकी साधारण 60 ते 80 जणींची नॉर्मल होते, म्हणजे बाकीच्याही काही थोड्या नाहीत. लोक तिला “जमलं नाही का?” असं विचारायचे, त्याचा मला अजून राग येतो. आणि कुणी विचारपूर्वक दुसरं सिझरच ठरवलं, तर तेही अगदी योग्य आहे. फक्त पुढे आणखी मुलं हवी असतील तर हे विचारात घ्या: दर सिझरनंतर पुढच्या वेळी बाळाला पोसणारी वार जुन्या टाक्यात रुतण्याचा धोका वाढत जातो.

कागद सापडला नाही तर जुन्या दवाखान्यात नक्कल मागा. नव्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा: रात्री दोन वाजता ऑपरेशन लागलं तर भूलतज्ज्ञ आणि रक्त लगेच मिळेल का? उत्तर देताना ते घुटमळले, तर आत्ताच दुसरं हॉस्पिटल बघा. पाचव्या महिन्यात त्यासाठी वेळ आहे.