संशयकल्लोळ आधी गद्य होतं, पदं नंतर आली

संशयकल्लोळ हे नाटक फ्रेंच नाटककार मोलिएरचं भाषांतर आहे का आणि ते पहिल्यापासून संगीतच होतं का, असं विचारलंय. दोन्हीला उत्तर "नाही", पण नुसतं नाही म्हणून भागणार नाही.

धागा मोलिएरचाच, १६६० च्या 'स्गानारेल'चा. त्यावरून आर्थर मर्फीने इंग्रजीत 'ऑल इन द राँग' लिहिलं, १७६१ ला, आणि गोविंद बल्लाळ देवलांनी घेतलं ते या मर्फीवरून. १८९३ चं त्यांचं नाटक होतं 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा', आणि ते गद्य होतं!

आता यात देवलांचं काय, तर जवळपास सगळंच. पुरुषांना महिन्यांची नावं, फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, नोकर भादव्या, आणि बायकांना नक्षत्रांची, कृत्तिका, रेवती, मघा. रेवती रस्त्यात चक्कर येऊन पडते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते कृत्तिका बघते झालं, तिला वाटतं नवरा बाहेरख्याली. त्या गडबडीत रेवतीकडची तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर खाली पडते ती कृत्तिकेच्या हाती लागते, ती निरखून बघत असताना फाल्गुनराव येतो, की त्याचं डोकं फिरलं. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाकडे दिसल्यावर अश्विनशेठला रेवतीचा संशय. एका तसबिरीवर अख्खं नाटक पळतं आणि कुठेही ओढूनताणून वाटत नाही, हे बांधकाम मला मराठी रंगभूमीवर फार कमी ठिकाणी दिसलंय. याच देवलांनी शेक्सपिअरच्या ऑथेल्लोवरून 'झुंझारराव' लिहिलं होतं हे लक्षात घ्या, तिथे संशयाने जीव जातो आणि इथे त्याच संशयावर लोक पोट धरून हसतात.

पदं आली गंधर्व नाटक मंडळीसाठी. देवलांनी जुन्या नाटकात पदं घातली, नाव संशयकल्लोळ झालं, पण १९१६ च्या जूनमध्ये देवल गेले आणि पहिला प्रयोग लागला त्याच वर्षी ऑक्टोबरात. स्वतःचं संगीत संशयकल्लोळ त्यांनी रंगमंचावर पाहिलंच नाही, याची मला अजून हळहळ वाटते. बालगंधर्व रेवती आणि गणपतराव बोडस फाल्गुनराव, बोडसांचं ते काम प्रचंड गाजलं.

गाणी मुख्यतः रेवती-अश्विनशेठच्या वाट्याला आणि फाल्गुनरावाची धमाल गद्यात, त्यामुळे पदं रंगली तरी घोटाळ्याचा वेग मरत नाही. 'मृगनयना रसिक मोहिनी' वसंतराव देशपांडेंचं ऐकाच, दरबारी रागात आहे. पण नुसती पदं ऐकून नाटक कळलं असं समजू नका. अलीकडे प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांनीही केलंय, आणि कुठे प्रयोग लागलाच तर फाल्गुनराव-कृत्तिकेच्या भांडणांसाठी जा, गाणी आवडतीलच.