गोचिडीतली रिकेट्सिया कल्चर करायची आहे, मीडिया कोणता?

तुम्ही विचारलंय की नागपुरातल्या कुत्र्यांवरच्या गोचिडी गोळा करून एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी त्यांतली रिकेट्सिया कोणत्या मीडियावर (जिवाणू वाढवायच्या खाद्यावर) वाढवावी. उत्तर: कोणत्याच नाही. हा जिवाणू जिवंत पेशीच्या आतच वाढतो, अगारच्या (जेलीसारख्या खाद्याच्या) प्लेटवर काही केल्या येत नाही. त्याला व्हेरोसारख्या (माकडाच्या मूत्रपिंडाच्या, लॅबमध्ये वाढवलेल्या) पेशी लागतात किंवा भ्रूण असलेल्या अंड्यातली बलकाची पिशवी (ही पद्धत कॉक्सची, 1938ची). आणि हे काम बीएसएल-3 लॅबचं, म्हणजे धोकादायक जंतूंसाठीच्या खास सुरक्षित लॅबचं. ज्याच्या नावावरून रिकेट्सिया म्हणतात, त्या अमेरिकन संशोधक रिकेट्सने 1906 मध्ये रॉकी माउंटन तापाचा (हाही रिकेट्सियाचाच रोग) गोचिडीशी संबंध दाखवला आणि 1910 मध्ये टायफसवर काम करताना टायफसनेच गेला. तेव्हा कॉलेजच्या लॅबमध्ये हा उद्योग नकोच.

पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधण्याची टेस्ट, मात्र जमेल. आधी रिकेट्सियाचा gltA जीन शोधा, पॉझिटिव्ह आलं तर जात ओळखायला ompA जीनचं सिक्वेन्सिंग. पण खरी गोम पुढेच आहे. टम्म फुगलेल्या गोचिडीच्या पोटात कुत्र्याचंच रक्त असतं. डीएनए सापडला म्हणजे गोचीड रोग पसरवते असं होत नाही, तो त्या रक्तातूनही आलेला असू शकतो. म्हणून न फुगलेल्या गोचिडीही घ्या, आणि जमल्यास लाळग्रंथी वेगळ्या काढून तपासा. प्रोजेक्टच्या नावात ‘प्रसार’ नको, ‘आढळ’ लिहा.

जुनी हिमोलिम्फ (गोचिडीच्या रक्तासारख्या द्रवाची) टेस्टही माहीत असू द्या. जिवंत गोचिडीच्या पायाचं टोक कापायचं, येणारा थेंब स्लाइडवर घ्यायचा, गिमेनेझ स्टेन (रिकेट्सिया दिसण्यासाठीचा रंग) करायचा. हिरवट पार्श्वभूमीवर लाल कांड्या दिसतात. बर्गडॉर्फर हा गोचिडींचा संशोधक 1981 मध्ये न्यूयॉर्ककडच्या गोचिडी अशाच रिकेट्सियासाठी तपासत होता. दोन गोचिडींच्या थेंबात भलतेच सूक्ष्म कृमी दिसले, म्हणून त्याने त्या चिरल्या, तर आतड्यात स्पायरोकीट, म्हणजे मळसूत्री जिवाणू! गोचिडीमुळेच होणाऱ्या लाइम रोगाचा जंतू असा हाती लागला. ही टेस्ट गाइड सोबत असताना, सेफ्टी कॅबिनेटमध्येच.

आणखी एक. सिनॉप्सिसच्या (प्रोजेक्टच्या आराखड्याच्या) प्रस्तावनेत नागपूरच्या 2018च्या स्क्रब टायफसच्या तापाच्या साथीला गोचिडीचा रोग म्हणून घुसडू नका. तो ताप चिगर माइट या बारीक किड्याच्या अळीने होतो, जंतूही वेगळा, ओरिएन्शिया. व्हायवात पहिला प्रश्न यावरच येईल.

गोळा करताना चिमट्याने तोंडाजवळ, कातडीला लागून धरा आणि सरळ ओढा. रॉकेल, मीठ, पेटती उदबत्ती असले घरगुती उपाय नकोत, नखाने चिरडणं तर मुळीच नको. जात ओळखायला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय कॉलेजात परजीवीशास्त्रवाल्यांना भेटा. कुत्र्यांवर बहुतेक रिपिसेफॅलस सँग्विनियस ही तपकिरी गोचीडच मिळेल. तोंडाचा तळ षटकोनी दिसतो. नमुने 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेत तर डीएनएची वाट लागते. जागा, तारीख आणि जनावर कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ती डबीच्या आत टाका, पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.