हुकूम म्हणजे इस्पिक नव्हे

‘हुकमी एक्का’ बरोबर की ‘हुकमाचा एक्का’, आणि तो इस्पिकचाच का असतो, असे रामबागेतील एका वाचकाने विचारले आहे. प्रश्नाच्या उत्तरार्धात दडलेली चूक मी इंदुरातल्या मराठी घरांत वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे आणि प्रत्येक वेळी ती मला खटकते.

हिंदीत ‘हुकुम’ हे इस्पिकचे नाव आहे. मराठीत हुकूम हा कोणताही एक रंग नसून तो एका डावापुरता एखाद्या रंगाला मिळालेला अधिकार आहे. अरबीतील ‘हुक्म’ म्हणजे आज्ञा हा मूळ अर्थ त्यात अजून जिवंत आहे, म्हणूनच मेंढीकोटात बदाम हुकूम असेल तर बदामाची दुर्रीसुद्धा इस्पिकच्या एक्क्याला मारते. ‘पान’ या शब्दाचाही असाच घोटाळा होतो, कारण आपल्याला पान म्हणजे कोणताही पत्ता, तर हिंदीभाषक भिडूला पान म्हणजे बदाम.

आपल्या हुकमाला हिंदीत ‘तुरुप’ म्हणतात, आणि खरी गंमत या शब्दात आहे. तो इंग्रजी ‘ट्रम्प’वरून आला असे सांगणाऱ्यांनी मधला अनुनासिक कोठे गेला आणि शेवटच्या ‘प’आधी उकार कोठून आला, हे सांगावे. डच भाषेत हुकमाला ‘त्रूफ’ म्हणतात. बंगालीत तर हरतन, रुइतन आणि इस्कापन ही रंगांची नावे डच ‘हार्तन’, ‘रौतन’ आणि ‘स्खोपन’ यांवरूनच आली आहेत, कारण हुगळीकाठी चुंचुडा येथे डचांची वखार होती. आपले ‘किलवर’ही माझ्या मते त्याच घराण्यातले आहे: इंग्रज त्या रंगाला सोटे म्हणतो, डच मात्र ‘क्लाव्हर’, म्हणजे तीन पानांचे गवत, म्हणतो, आणि पत्त्यावरचे चित्रही त्या तीन पानांचेच असते. डचांची वखार वेंगुर्ल्यातही होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ही व्युत्पत्ती मला दूरची वाटत नाही.

आता मूळ प्रश्न. खेळताना हुकूम ठरलेल्या रंगाचा एक्का तो ‘हुकमाचा एक्का’. ‘हुकमी’ हे विशेषण मात्र खात्रीचा, हमखास लागू पडणारा या अर्थाचे असून ‘हुकमी उपाय’मध्येही तेच आहे, म्हणून वकिलाने शेवटी पुढे केलेला निर्णायक पुरावा हा ‘हुकमी एक्का’ ठरतो, आणि तेथे ‘हुकमाचा’ असा आग्रह धरणारे शुद्धलेखनाचे कैवारी चुकतात.