अमेरिकेतील होह वर्षावनात तंबूत राहण्यासाठी काय तयारी करावी?

आपण जळगावहून जुलैमध्ये वॉशिंग्टन राज्यात मुलाकडे जात असून ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानातील या रानात तंबूत राहू इच्छिता, तर महिना उत्तम निवडला आहे, कारण तिथला पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो. तरीही वर्षाला सुमारे ३,५०० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या रानातली ओल, आपल्या खानदेशातल्या उन्हाळ्याची सवय असलेल्या माणसाला, जाणवल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडे सुती कपड्यांसारखे सुख नाही, परंतु तिथे ते एकदा भिजले की लवकर वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. म्हणून लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे कपडे न्यावेत.

मुक्कामाची जागा आधीच आरक्षित करावी. पायवाटेने आत जाऊन राहायचे असल्यास वेगळा परवाना लागतो.

या रानात काळी अस्वले आहेत. लसणाची चटणी, मसाल्याची पुडी, इतकेच काय टूथपेस्टसुद्धा रात्री तंबूत ठेवू नये. बंद गाडीत किंवा अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवावी.

आडव्या पडलेल्या, शेवाळलेल्या खोडांवर बोटाएवढी रोपे रांगेने उगवलेली दिसतील. सिटका स्प्रूस आणि हेमलॉक या वृक्षांची पुढची पिढी त्याच कुजत्या लाकडावर वाढते, तेव्हा कृपया त्यावर बसू नये.